आपल्या हाताची गिटार

गेल्या चैत्रात आमच्या नातीने घरात विषय काढला. तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल चांगला लागला होता, त्यामुळे नाही म्हणायला कुणाकडे कारण नव्हते. आमच्या चिरंजीवांनी लगेच मोबाइलवर सर्वांत महागडे नाव शोधून काढले आणि घरपोच मागवण्याची तयारी केली. तिची आजी म्हणाली, ‘एवढे पैसे घालायचेच तर सतार घ्या, निदान आपली तरी आहे.’ मी गप्प होतो. गिटार या शब्दाशी माझा एक जुना हिशेब राहून गेलेला आहे. तो हिशेब पुढे सांगेनच; पण आधी थोडा इतिहास सांगतो. तो वेळेवर कळला असता तर माझा हिशेब राहिलाच नसता.

मिरजेची रीत

वाद्य पारखून घेणे आपल्याला नवे नाही. हैदराबादेतील कितीतरी मराठी घरांतले तंबोरे सोलापूरमार्गे मिरजेहून आलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी हा व्यवसाय सुरू केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे कारागीर. शस्त्रांचे दिवस सरले आणि तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा पंढरपूरच्या परिसरातला आणि कारागिरी मिरजेची, असे हे नाते आजतागायत टिकून आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मिरजेच्या कारागिराकडे गेले की तो पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘कुणासाठी? पट्टी कोणती?’ पुरुषी आवाजाला मोठा तंबोरा, बायकी आवाजाला लहान. मग तारांची जाडी, मग जवारी. घोडीचा माथा किती घासायचा, हे गाणाऱ्याच्या कानावर ठरते. एकाला आवडलेली जवारी दुसऱ्याला बोचरी वाटते. किंमत आणि नक्षी या गोष्टी शेवटी येतात. म्हणजे वाद्य चांगले की वाईट, एवढे विचारून भागत नाही. कुणासाठी चांगले, हेही विचारावे लागते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. फक्त गिटारला हाच नियम लागू आहे, हे मात्र माझ्या किंवा वडिलांच्या लक्षात आले नाही.

मांडीवरची गिटार

इलेक्ट्रिक गिटारचा जन्म रॉक संगीतासाठी झाला, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. तिचा जन्म मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारमधून झाला. या पद्धतीत बोटांनी तारा दाबत नाहीत. पोलादाची एक गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू या तरुणाला देतात. पण हिंदुस्थानात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशाने ती तिथे आधी दाखवली, अशीही एक आख्यायिका आहे. खरेखोटे देव जाणे; पण आपल्या विचित्रवीणेवरही काचेचा गोळा असाच सरकवतात, एवढे खरे.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथल्या हवाईयन वादकांमुळे अमेरिकेला या वाद्याचे वेड लागले. अडचण एकच होती. नाचाच्या बँडमधील तुताऱ्या आणि ढोलांपुढे गिटारचा आवाज ऐकू येत नसे. जॉर्ज बोशां या वादकाने आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराने त्यावर उपाय काढला. तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिचा आवाज मोठा करतो. या वेटोळ्याला पिकअप म्हणतात. १९३२ मध्ये बाजारात आलेली त्यांची अ‍ॅल्युमिनियमची गिटार दिसायला लांब दांड्याच्या तव्यासारखी होती. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणत. ती हवाईयन गिटार होती. उभी धरून, बोटांनी दाबून वाजवायच्या गिटारला, जिला आपल्याकडे स्पॅनिश गिटार म्हणतात, वीज मिळाली ती त्यानंतर. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने तशी गिटार आणली आणि चार्ली ख्रिश्चन या जॅझ वादकाने ती गाजवली.

हिंदुस्थानी कानाला मानवलेली

आपल्याकडेही आधी लोकप्रिय झाली ती हवाईयन गिटारच, आणि त्याला कारण आहे. आपल्या संगीताचा प्राण मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे पेटीला जमत नाही. त्याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे टिकली. सरकत्या कांडीच्या गिटारला मात्र मींड जन्मजात येते. १९४० च्या दशकात हवाईयन वादक टाऊ मो सहकुटुंब काही वर्षे कलकत्त्यात राहिले. त्यांच्यामुळे आणि गार्नी निस यांच्यासारख्या स्थानिक वादकांमुळे त्या शहरात हे वाद्य घराघरांत पोचले. मूळचे लखनौचे व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी वाजवली. त्यांच्या तबकड्यांवर साथीला बहुधा पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स असत. सुनील गांगुली आणि काझी अनिरुद्ध यांच्या तबकड्याही अशाच घरोघरी वाजल्या. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी रागदारी गिटारवर आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांची तबकडी अजून अनेकांच्या संग्रही असेल.

माझ्या वडिलांच्या पिढीला गिटार म्हणजे ही गिटार. सुलतान बाजारातल्या आमच्या बिऱ्हाडात संध्याकाळी विविध भारती लागे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये गिटारवरची एखादी धून वाजली की वडील हातातले वर्तमानपत्र खाली ठेवत.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

तिकडे अमेरिकेत गोष्ट पुढे सरकली होती. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. या माणसाला जन्मभर गिटार वाजवता आली नाही. पण दुकानात येणारे वादक काय म्हणतात, ते तो लक्ष देऊन ऐकायचा. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती घुमते आणि शिट्टी मारते, ही त्यांची तक्रार. म्हणून त्याने भरीव लाकडाची गिटार केली. मान बिघडली की सगळे वाद्य वाया जाते, म्हणून मान स्क्रूने जोडली. १९५० मध्ये आलेली ही गिटार १९५१ पासून टेलिकास्टर नावाने विकली जाऊ लागली. तिच्या कडा बरगड्यांत रुततात, असे वादक म्हणाले, तेव्हा १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला त्याने पाठीमागून पोटासाठी आणि पुढून हातासाठी उतार दिला. आज दुकानात लटकलेल्या निम्म्या गिटारी त्याच आकाराच्या दिसतात. तो आकार नुसत्या शोभेचा नाही, तो वादकांच्या दुखऱ्या बरगड्यांतून आला आहे.

गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल या वादकाच्या नावाने आपली भरीव गिटार आणली. साध्या पिकअपमध्ये घरच्या विजेची घरघर शिरते. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने एकमेकांच्या उलट गुंडाळलेली दोन वेटोळी शेजारी बसवली. घरघर परस्परांत विरून गेली आणि स्वर दाट झाला. हे ‘हंबकर’ पिकअप १९५७ पासून लेस पॉलवर आले. तेव्हापासून गिटार घेणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एकाला एकेरी पिकअपचा पातळ, लखलखीत, काचेसारखा स्वर आवडतो. दुसऱ्याला हंबकरचा भरदार, गुळासारखा. यात बरोबर-चूक काही नाही. किराणा आणि आग्रा घराण्यांच्या चाहत्यांत असतो तसलाच हा वाद आहे.

मोठमोठ्या वादकांनीही गिटार आपल्या शरीराला जुळवून घेतली. जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता. त्याने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारा पालटून लावल्या. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीने १९६५ मध्ये कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली, आणि तोही डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने बोटांसाठी प्लास्टिकच्या टोप्या बनवल्या, पातळ तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या. त्या सैल तारांच्या जड स्वरावर हेवी मेटलची सारी इमारत उभी राहिली.

या परदेशी वाद्यात आपलेही काही आहे. बोटे जिथे फिरतात ती काळसर पट्टी बहुतेक वेळा शिसवीची असते. ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाल्यावर १९६० च्या दशकापासून बड्या कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या. आजोबांच्या पलंगाला आणि देवघराला जे लाकूड लागायचे तेच हे. २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. त्यामागे भारतातून गेलेल्या शिसव आणि आबनुसाच्या पट्ट्यांच्या निर्यातीचा कायदेशीर वाद होता. पुढच्या वर्षी कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवले.

माळ्यावरची गिटार

आता माझा हिशेब. १९७१ मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते, पण ती ऐकून आमच्या वर्गातली निम्मी मुले वेडी झाली होती. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात दिलीप नाईक यांच्यासारखा आपला मराठी माणूसही गिटार वाजवतो, हे कळल्यावर तर मला घरी विषय काढायला धीर आला. मी सोळा वर्षांचा होतो.

वडील महालेखापालांच्या कार्यालयात कारकून होते. त्या काळी परदेशी वाद्य म्हणजे आयातीचा परवाना, जबर जकात, नाहीतर बोटीवर असलेला एखादा नातेवाईक. आपल्यासारख्यांसाठी कलकत्त्याच्या बनावटीच्या गिटारी असत. वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून सव्वादोनशे रुपये काढले, एकटेच दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, ‘उत्तम गिटार द्या, मुलाला शिकायची आहे.’ दुकानदाराने उत्तम गिटार दिली. लालसर पॉलिश, दंडावर शिंपल्याचे ठिपके. आईने तिला हळदकुंकू लावले.

पण मला ती वाजेना. तारा पट्टीपासून इतक्या उंच की मधून पेन्सिल सरकावी. दाबता दाबता बोटांतून रक्त आले. मित्र म्हणाले, सुरुवातीला असेच होते. सहा महिने झगडलो आणि सोडून दिले. वडील काही बोलले नाहीत. एकदाच, आत्याशी बोलताना म्हणाले, ‘याला धरसोडीची सवय आहे.’ ते वाक्य मी शेजारच्या खोलीतून ऐकले. पुढे शिक्षणात, नोकरीत, जिथे जिथे काही अर्धवट राहिले तिथे मला ते वाक्य ऐकू आले. गिटार माळ्यावर गेली.

१९९६ मध्ये घराला रंग काढताना ती खाली उतरवली. त्या दिवशी आमच्याकडे लालागुड्याचे एक वृद्ध अँग्लो-इंडियन गृहस्थ आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या बँडमध्ये वाजवलेले. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, खिशातला चष्म्याचा पत्र्याचा डबा तारांवरून सरकवला, आणि इतका गोड स्वर निघाला की स्वयंपाकघरातून सगळी बाहेर आली. म्हणाले, ‘अहो, ही हवाईयन आहे. हिच्या तारा उंचच असतात. बोटांनी दाबायच्या नसतातच.’

वडिलांनी आपल्या कानाला जी गिटार माहीत होती ती आणली होती. मला दुसरीच हवी होती. वाद्य खरोखर उत्तम होते, दुकानदाराने फसवले नव्हते, मी आळशी नव्हतो आणि वडीलही चुकले नव्हते. फक्त ‘कुणासाठी? वाजवणार कसे?’ हा मिरजेचा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. वडील १९९४ मध्येच गेले होते. दोन वर्षे आधी कळले असते तर त्यांना सांगता आले असते.

आमची खरेदी

म्हणून या खेपेला मी चिरंजीवांना म्हटले, ‘घरपोच नक्को. तिला घेऊन जाऊ, तिच्या हातात देऊन पाहू.’ तरी माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र होतेच : लेस पॉलच्या आकाराची, पिवळसर, भारदस्त. दुकानात तशी होती आणि मी ती दाखवलीही. नातीने पट्टा अडकवून ती दहा मिनिटे उभ्याने धरली आणि म्हणाली, ‘आजोबा, सुंदर आहे. पण खांदा दुखतो.’ वजन चार किलोंच्या वर होते. मी पिवळ्या गिटारचा विषय सोडला.

आमच्या घरी तंबोरा पारखताना जे पाहिले तेच मग इथे पाहिले. नव्याने घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने सांगतो. प्रथम वीज न जोडता वाजवावी. भरीव गिटारही हलका आवाज देते, आणि तार मोकळी, लांबवर वाजते की दबून मरते, ते तेव्हाच कळते. प्रत्येक तार प्रत्येक घरात दाबून पाहावी. कुठे खरखर आली तर विचारावे. बाराव्या घरावर तार दाबून येणारा स्वर आणि तिथेच नुसता स्पर्श करून येणारा स्वर तंतोतंत जुळला पाहिजे. जुळत नसेल तर घोडी सरकवून घ्यावी. पट्टीच्या कडेवरून हात फिरवावा. आपल्या हैदराबादच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि घरांच्या धातूच्या पट्ट्यांची टोके हाताला टोचू लागतात. मानेत पोलादी सळई असते. मान वाकली तर तिला किल्ली देऊन सरळ करतात. दुकानात हे करून देणारा माणूस आहे का, हे ब्रँडच्या नावाइतकेच महत्त्वाचे.

मग हात. फेंडर पद्धतीच्या गिटारची तार २५.५ इंचांची, गिब्सन पद्धतीची २४.७५. पाऊण इंचाचा फरक ऐकायला किरकोळ, पण लांबी कमी असली की त्याच स्वराला ताण कमी लागतो आणि तार ओढायला सोपी जाते. तारेची जाडीही तशीच. सर्वांत बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी ९ भागांची घ्यायची की १० ची, हे आपल्या बोटांना विचारावे. मान जाड हवी की सपाट, हेही हातच सांगतो. त्यासाठी डोळे मिटून धरून पाहावी.

शेवटी कान. नातीला जुन्या गझला गिटारवर वाजवायच्या आहेत आणि मित्रमैत्रिणींच्या बँडमध्ये रॉकही वाजवायचे आहे. मुंबईत १९८४ मध्ये निघालेल्या ‘रॉक मशीन’ या बँडचे महेश टिनईकर हे तिचे आवडते वादक. ते नाव ऐकून मला आमच्या काळचे दिलीप नाईक आठवले. एक स्वच्छ स्वर, एक दाट स्वर, दोन्ही हवेत. तिने तीन गिटारी एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, आवाज सारखा ठेवून वाजवल्या आणि स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची घेतली. तिच्यात मानेकडे दोन एकेरी पिकअप आहेत आणि घोडीपाशी एक हंबकर. मान बारीक आहे. बारीक तार वर ओढून तिने एका स्वरावरून दुसऱ्यावर अशी मींड घेतली की सतारीचा आग्रह धरणाऱ्या आजीनेच मान डोलावली. रंग साधा काळा, नाव मध्यम. चिरंजीवांनी ठरवलेल्या रकमेतले जवळजवळ निम्मे पैसे उरले. त्यात बरा अ‍ॅम्प्लिफायर आला आणि तारांची उंची तिच्या बोटांप्रमाणे लावून घेतली. उत्तम गिटार आणि भिकार अ‍ॅम्प्लिफायर यांपेक्षा मध्यम गिटार आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर केव्हाही बरा, असे तिथल्या कारागिराचे मत पडले, आणि कानालाही ते पटले.

त्याच कारागिराकडे आठ दिवसांनी मी माळ्यावरची गिटार घेऊन गेलो. त्याने नव्या तारा लावल्या आणि पोलादाची एक कांडी दिली. सत्तरीला आलेल्या माणसाची बोटे कुरकुरतात, पण मांडी शाबूत आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास मी ती आडवी घेऊन बसतो. अजून सा आणि रे यांच्यामध्ये बरीच भटकंती होते. नात शेजारी बसून तिची काळी गिटार जुळवते. तिचा सा माझ्यापेक्षा लवकर लागतो.

यंदाच्या आपल्या गणेशोत्सवातल्या सांस्कृतिक कार्यक्रमात तिने नाव दिले आहे. आवाज मोठा वाटला तर कार्यकर्त्यांना सांगू नका, मला सांगा. मी दुसऱ्या रांगेत बसलेला असेन.

गणपती बाप्पा मोरया!